दोन्चेवमधला ओ

"हा तुमचा फोटो आहे," झोर्नित्सा म्हणाली. "मयताचा द्या."

"मयताचाच आहे," समोरचा तरुण म्हणाला आणि... हसला. डाव्या गालाला खळी पडली. मयताला खळी पडलेली झोर्नित्साने आजवर पाहिली नव्हती.

नोव्हेंबर होता. डॅन्यूबवरून उठलेलं धुकं तीन दिवस बल्गेरियातल्या आमच्या रूसेत मुक्कामाला होतं. तो आत आला तेव्हा त्यातलं थोडं त्याच्या खांद्यांवर बसूनच आत आलं. दुकान मिन्कोकाकांच्या छापखान्याचं, आता झोर्नित्सा सांभाळत होती. पूर्वी तिथे लग्नपत्रिकाही छापत. मग तरुण मंडळी जर्मनीला गेली, म्हातारी मंडळी मागे राहिली, आणि दुकानात फक्त निधनपत्रकं उरली. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव आणि चार ओळी शोक. माणूस गेला की एक, चाळिसाव्या दिवशी एक, मग दरवर्षी एक. दारावर, खांबावर, बसथांब्यावर. रूसेतला माणूस हयातीत जितका बाहेर पडत नाही, तितका नंतर दिसतो.

"मी यावोर दोन्चेव," तो म्हणाला. "आम्ही दोघं रॅप करतो, मी आणि स्पास. जोडीचं नाव 'नववा मजला'."

"कुठल्या इमारतीतला?"

"आमची इमारत आठ मजल्यांची आहे."

झोर्नित्साने पेन खाली ठेवलं.

हकीकत अशी, की 'नववा मजला'चा नवा अल्बम शुक्रवारी येणार होता. नाव 'चाळीस दिवस'. आधीचे दोन येऊन गेले होते. पहिला एकशेबारा जणांनी ऐकला, त्यात स्पासची मावशी चौदा वेळा. दुसरा मावशीनेही ऐकला नाही. म्हणून स्पासने शक्कल काढली होती: यावोरचं निधनपत्रक गावभर लावायचं आणि तळाशी बारीक अक्षरात अल्बमची तारीख.

"मग स्पासचंच का नाही लावत?"

"त्याच्या आईला ब्लडप्रेशर आहे."

"आणि तुमच्या आईला?"

"ती स्पेनमध्ये संत्री खुडते. तिथून आपला खांब दिसत नाही."

"जिवंत माणसाचं आम्ही छापत नाही," झोर्नित्सा म्हणाली. "एकदा कागद लागला की..."

"की काय?"

"की लागला."

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला तो गरम, चीज भरलेली बनित्सा कागदात गुंडाळून. एक इयरफोन त्याने तिच्या कानात दिला, दुसरा स्वतःच्या. वायर आखूड होती. ती मुद्दाम आखूड आणली होती, असं झोर्नित्साचं मत आजही आहे.

चौथं गाणं नदीवरचं होतं. अर्ध्यावर ठेका थांबला, आवाज थांबले... काहीच नाही.

"इथे रिकामं का?"

"रिकामं नाही. इथे नदी आहे."

"ऐकू येत नाही."

"धुकं आहे ना," तो अगदी जवळून म्हणाला.

बनित्सा होती, वायर होती, खळी होती. झोर्नित्सा कबूल झाली. पण मिन्कोकाकांचा एक जुना नियम तिने पाळला. काचेत लावायच्या नमुन्याच्या पत्रकावर काका नेहमी एक अक्षर चुकवायचे. जिवंताचं खरं नाव काळ्या चौकटीत गेलं, तर मरणाला पत्ता सापडतो म्हणे. झोर्नित्साने दोन्चेवमधला ओ काढला आणि आ घातला. यावोर दान्चेव. ही चूक इतकी नेहमीची, की त्याच्या वीजबिलावरही होती. कोणाच्या लक्षात येणार?

गुरुवारी कागद लागले. तळाची अक्षरं स्पासच्या सांगण्यावरून इतकी बारीक होती, की ती एकानेही वाचली नाहीत.

शुक्रवारी अल्बम आला आणि सोमवारपर्यंत देशात पहिला झाला. राजधानी सोफियातल्या एका समीक्षकाने लिहिलं, 'मृत्यूची चाहूल लागलेल्या कलावंताचा हा शेवटचा श्वास.' ज्या गाण्याबद्दल लिहिलं, ते यावोरने दाढदुखीत गायलं होतं. 'जिवंतपणी आपण याला ओळखलं नाही,' असं हजारो लोक लिहीत होते. इमारतीच्या दाराशी फुलं आली, मेणबत्त्या आल्या. आणि जो तो चौथ्या गाण्याचं नाव घेत होता: 'मधला तो ठोका! अंगावर काटा येतो!'

"कुठला ठोका?" झोर्नित्साने विचारलं.

यावोरने मान हलवली. दोघांनी गाणं पुन्हा लावलं. जिथे काहीच नव्हतं तिथे, खूप लांबून, लाकडावर लाकूड वाजलं.

टक्... टक्-टक्.

"हे तुम्ही कधी घातलंत?"

"आम्ही नाही घातलं," यावोर म्हणाला.

स्पास मुलाखतींत ती आपलीच कल्पना असल्याचं सांगत होता.

मग दुसरं सुरू झालं. बेकरीवाली यावोरच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. बसचं दार त्याच्या नाकावर मिटलं. पोस्टातल्या त्सोन्काताई रोज जिन्यात भेटायच्या. त्या आता त्याच्या पत्रपेटीपाशी क्रुसाची खूण करून पुढे जाऊ लागल्या. "अहो ताई, मी इथे आहे!" तो ओरडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वारा लागल्यासारखं कोटाचं वरचं बटण लावलं.

स्पासने आधी फोनवर सांगितलं, "भावा, संगीताचा पुरस्कार मिळेपर्यंत मेलेला राहा, मग बघू." पुढच्या आठवड्यात तो नुसतं "हॅलो? हॅलो?" करायला लागला.

यावोरच्या बोलण्याला उत्तर मिळेल अशी एकच जागा गावात उरली होती. तो रोज दुपारी छापखान्यात येऊन बसू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कोणालाच सांगता येणार नाही.

"तू बघतेस ना मला?" एकदा त्याने विचारलं.

"बघतेय की."

"मग असं तोंड का केलंयस?"

"कारण... तुझ्यामागचं कपाटही दिसतंय."

चौतिसाव्या दिवशी दारावरची घंटा वाजली. दारात कोणी नव्हतं. लादीवर बुटांचे ओले ठसे उमटत उमटत काउंटरपर्यंत आले आणि थांबले. काउंटरवर बनित्साची पुडी आली. गरम होती.

"यावोर?"

"...हो." आवाज नदीच्या पलीकडून आल्यासारखा. "झोरी, मला तुला एक सांगायचंय."

"दिसल्यावर सांग," ती म्हणाली. सूर तिने कडकच ठेवला. "असं हवेतून आलेलं मी काही ऐकून घेणार नाही."

तिने काउंटरवर हात उताणा ठेवला. तळव्यावर काहीतरी गार, ओलसर टेकलं... धुक्यासारखं. बराच वेळ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी आली. काळा रुमाल, आणि हातात खांबावरून जपून सोडवलेला तो कागद.

"हा कोणी छापला?"

"मी, आजी."

"नाव माझ्या मुलाचं आहे. फोटो दुसऱ्याचा."

झोर्नित्साने खुर्ची पुढे केली ती म्हातारीसाठी, पण बसली स्वतःच.

रायनाआजी उभ्यानेच बोलल्या. "छत्तीस वर्षं झाली. अठराचा होता माझा यावोर. धुक्यात होडी घेऊन गेला. होडी सापडली. सगळे म्हणाले, रायना, कागद लाव. मी म्हटलं, कागद लावला म्हणजे मी मान्य केलं. नाही लावला. मग त्याचं तिथेच अडलं असणार. यायचं की जायचं, कोणी सांगितलंच नाही त्याला."

"आजी, चूक माझी. एक अक्षर..."

"चूक कसली! मला जमलं नाही ते तुझ्याकडून झालं. परत येताना तो वल्हं होडीच्या काठावर आपटायचा. एकदा, मग दोनदा. म्हणजे 'आई, आलो.' शेजारची पोरं परवा ते गाणं लावून बसली होती... ऐकलं मी." त्यांनी कागद सरळ केला. "हा फोटोतला कोण गं?"

"आहे एक."

"आहे ना अजून?"

"...थोडासा."

"मग चाळिसाव्याला माझ्या मुलाचा फोटो लाव. म्हणजे माझा जाईल, तुझा येईल."

एरवी स्वल्पविरामाला न सोडणाऱ्या झोर्नित्साने 'तुझा' हा शब्द दुरुस्त केला नाही.

चाळिसाव्या दिवशी नवे कागद छापून तयार झाले. त्यांवर जर्सी घातलेला मुलगा, हातात वल्हं, उन्हाने बारीक झालेले डोळे. खाली ठळक अक्षरात 'यावोर दान्चेव, वय १८', आणि सालही खरं. एवढं लागलं, की खांबावरचा यावोर दोन्चेव मेलेला राहणार नव्हता. त्याचा अल्बमही मग पहिला राहणार नव्हता.

"हे बघ," झोर्नित्सा रिकाम्या दुकानाला म्हणाली, "उद्यापासून तू पुन्हा एकशेबारा जणांचा. तुझ्या वतीने मी ठरवणार नाही. एकदा माझ्या मनाने अक्षर बदललं, तेवढं पुरे."

घड्याळ चालू होतं. बाहेर मालवाहू बोटीचा भोंगा वाजला. ती वाट बघत राहिली... इतकी, की तिला वाटलं आता तिथे कोणी नाहीच.

मग काउंटरवरचा, कागद चिकटवायच्या खळीचा डबा हळूच तिच्याकडे सरकला.

"गालाची देता येत नाही म्हणून ही का?" ती म्हणाली आणि रडत रडत हसली.

दुपारभर त्या दोघी कागद लावत फिरल्या. झोर्नित्सा खळ लावायची आणि रायनाआजी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर, गेलेल्या मुलाच्या नावाने, साखर घातलेले उकडलेले गहू ठेवायच्या. घाटापाशी आजी थांबल्या. धुक्यात टक् झालं. मग टक्-टक्. मग वल्ही पाण्यात पडल्याचा आवाज, आधी जवळून, मग लांबून, मग नाही.

"जा हो राजा," आजी म्हणाल्या. "मी येते सावकाश."

शेवटचा खांब यावोरच्या इमारतीसमोरचा. झोर्नित्साचा हात वर पुरेना. ती टाचा उंचावत होती, तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने कागदाचा वरचा कोपरा दाबून बसवला. हाताला बाही होती, बाहीला तुटलेलं बटण होतं. आणि त्या हातातून खांब दिसत नव्हता.

"कोपरा सुटत होता," तो म्हणाला.

ती वळली. खळी जागेवर होती.

पुढच्या आठवड्यात काय काय व्हायचं होतं! 'फसवणूक' म्हणून हजारो लोक चिडायचे होते. चौथ्या गाण्यातला ठोका अचानक नाहीसा झाला, गाणं बिघडवलं, अशा तक्रारी यायच्या होत्या. स्पास स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर तो ठोका पुन्हा काढू बघणार होता. सोफियाचे समीक्षक 'हा कलावंत जिवंतपणी तितकासा पटत नाही' असं लिहिणार होते. पण ते सगळं पुढच्या आठवड्यात.

"आता दिसतोय ना मी?" यावोरने विचारलं. "मग ऐक..."

"यावोर!" जिन्यातून त्सोन्काताईंचा आवाज आला. "वाटेत भुतासारखा उभा काय राहिलायस! रजिस्टर पत्र आहे. इकडे ये, सही कर."

चाळीस दिवसांत पहिल्यांदा कोणी त्याच्यावर खेकसलं होतं. त्याला इतका आनंद झाला, की त्याने त्यांना मिठीच मारायची बाकी ठेवली. पत्र पुरस्कार समितीचं होतं: मरणोत्तर सन्मान, दिवंगत कलावंताच्या वारसास.

"वारस कोण?" ताईंनी विचारलं.

"मीच."

"स्वतःचा वारस होता येत नाही. दुसरं कोणी आण." त्यांनी पावतीपुस्तक उघडलं आणि पुटपुटत लिहायला घेतलं. "यावोर... दा... न्..."

"ओ!" झोर्नित्सा ओरडली. तिने ताईंचा हातच धरला. "दोन्चेव! ओ लिहा, ताई. ओ!"

त्सोन्काताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कोण गं याची?"

झोर्नित्साचे कान लाल झाले. तिने यावोरकडे पाहिलं.

"इथे रकाना आहे," ताई म्हणाल्या. "नातं. काय लिहू?"

यावोर वाकला, आणि हवेतून जे ऐकून घ्यायला तिने नकार दिला होता, ते त्याने तिच्या कानात, अगदी जवळून सांगितलं. वायरची आता गरज नव्हती.

"मोठ्याने बोल की रे," त्सोन्काताई पेन सरसावून म्हणाल्या. "मला लिहायचंय."