उंबरकड्याचा बेलभंडार

चैत्र वद्य पंचमीची पहाट उंबरकड्यावर उतरली ती धुक्यावाचून आणि पाखरांवाचून. पूर्वेच्या डोंगररांगेमागून तांबडं फुटलं, तटाच्या चर्या एकेक करून उजळल्या, दक्षिण बुरुजाला तोफगोळ्यांनी पाडलेलं खिंडार उघडं पडलं, आणि खाली, गडाच्या चहू अंगांना ठोकलेल्या गजबाराव देसायांच्या राहुट्यांमधून स्वयंपाकाचा धूर सावकाश वर चढू लागला. गडावर मात्र एकाही चुलीतून धूर निघत नव्हता. वेढ्याचा बासष्टावा दिवस होता.

किल्लेदार रखमाजीरावांची बायको आवडाई सदरेमागच्या ओवरीत चार महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेऊन त्याचे श्वास मोजत बसली होती. पोर रडलं की तिला भीती वाटे, आणि रडायचं थांबलं की त्याहून जास्त. गडाची तीन टाकी आटली होती. चौथ्याच्या तळाशी हिरवट पाणी उरलं होतं, माणशी दिवसाला दोन ओंजळी. परवापासून तिचं दूध कमी झालं होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, फक्त झुलेखाबीला सांगितलं होतं.

झुलेखाबी गडाची सुईण. तिचा नवरा गोलंदाज होता. विसाव्या दिवशी एक गोळा थेट गडाच्या माथ्यावर आला, त्यात तो गेला आणि त्याला पीराच्या चौथऱ्याशेजारी पुरलं. चौथरा आणि गडदैवत बहिरीचं देऊळ यांच्यामधलं बेलाचं झाड त्याच गोळ्यानं बुंध्याशी मोडलं. पुढे तेल संपत आलं तेव्हा गुरवानं आणि मुजावरानं मिळून ठरवलं की देवळात एक आणि पीरापाशी एक असे दोन दिवे आता परवडायचे नाहीत. एकच लावायचा आणि त्या मोडक्या बुंध्यावर ठेवायचा. "मग हा कोणाचा म्हणायचा?" असं कोणीतरी विचारलं. म्हातारा मुजावर म्हणाला, "अंधार कोणाचा ते आधी सांग, मग दिव्याचं बघू."

सूर्य कासराभर वर आला आणि देसायांचे वकील विसाजीपंत पांढरं निशाण घेऊन गड चढून आले. साठी उलटलेले, बोलणं मऊ, पण उपरण्याखाली हात सारखे थरथरत होते. आवडाईनं जाळीआडून पहिल्यांदा टिपले ते हातच.

"राव," पंत म्हणाले, "आमच्या धन्यांचा कौल असा की, मध्यान्हीच्या आत बायकामुलं पालख्यांतून गडाखाली यावीत, त्यांना बाईसाहेबांच्या माहेरी सुखरूप पोहोचतं करू. मागाहून आपण हत्यारांसह, मानानं गड उतरावा. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

"कागदाला वाळवी लागते, पंत," रखमाजीराव म्हणाले. "आम्हाला शपथक्रिया पाहिजे. बेलभंडार उचलता?"

"त्यासाठीच तर आलो. गडावरचा बेल मोडल्याचं कानी आलं होतं, म्हणून पान खालूनच आणलं."

त्यांनी चंची उघडली, हळदीत माखलेलं तीन दळांचं पान तळहातावर घेतलं, बहिरीकडे तोंड केलं आणि स्पष्ट आवाजात शपथ उच्चारली. सदर हलकी झाली. कोणीतरी हुंदका दिला. आवडाईला मात्र एक गोष्ट खटकली. इतका वेळ थरथरणारा हात पान उचलताना अगदी स्थिर होता.

शपथेचं पान ज्याला अभय दिलं त्याच्या हाती जायचं, ही गडाची रीत. पान ओवरीत आलं. आवडाईनं ते कपाळाला लावलं, लेकाच्या उशाशी ठेवलं आणि बोचकं बांधायला घेतलं. बाहेर भोई पालखी झटकत होते. पाणी. माहेरची विहीर तिच्या डोळ्यांपुढे आली.

झुलेखाबी पोराला उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "बाय, हे कसलं पान?"

"शपथेचा बेल."

झुलेखाबीनं पानाचा शेंडा नखानं चुरला. "बाळंतपणात तुझे पाय सुजले होते. मी काय बांधलं होतं?"

"वायवर्णाचा पाला. बेलासारखाच, तीन दळांचा."

"हुंग मग."

आवडाईनं हुंगलं. हळदीखालून तो उग्र, ओळखीचा वास आला; आठ दिवस तिच्या पायांना येत होता तोच.

"घाईत चुकलं असेल," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण हे स्वतःला समजावतो आहोत.

"साठ वर्षं शंकराला बेल वाहणारा माणूस बेलाला चुकतो? मी नमाज पढणारी, मी नाही चुकले."

"मग मुद्दाम?"

"शपथ मोडायचीय आणि देवाचं भयही सुटत नाही, असा माणूस हेच करतो. खोटा असता तर खरा बेल बेधडक उचलला असता. तुझ्या देवाशी खोटं बोलायला नको, म्हणून तुझ्याशी बोलला."

"पण नाही गेलो, तर इथं..." आवडाईनं पोराकडे पाहिलं. इथं दोन ओंजळी पाणी, खाली जे काय असेल ते. एक शंका, तीही एका पानाच्या वासावरची, आणि तिच्यावर लेकाचा जीव तोलायचा! तिनं पोर उचललं आणि मागच्या दारानं बुंध्याकडे धावली. मोडक्या बेलाला बोटभर फुटवा आला होता, त्यावर तांबूस कोवळी तीन दळं. सगळ्या झाडाचा तेवढाच जीव. तिचा हात अडखळला.

"तोड," झुलेखाबी म्हणाली. "तुझा देव आहे, तूच तोड. मी दिवा सांभाळते." ओंजळीचा आडोसा करून तिनं दिवा बाजूला घेतला. ज्योत हलली, पण विझली नाही.

बाळंतीण पोरासह भर सदरेत येऊन उभी राहिली तेव्हा माणसं आपोआप मागं सरकली.

"आवडाई!" रखमाजीरावांचा आवाज चढला. "सदर आहे ही."

"ठाऊक आहे. स्वारींनी घटकाभर कान द्यावा. शपथेचं पान बेलाचं नाही, वायवर्णाचं आहे. झुलेखाबीनं ओळखलं, मी हुंगलं."

मागून एक बारगीर हसला. "आता सुईण आम्हाला बेल शिकवणार!"

"पाला तेवढा कळतो, दादा," झुलेखाबी म्हणाली. "तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईला कुठं काय बांधलं, तेही आठवतंय. सांगू सदरेत?"

आवडाई पंतांपुढे गेली. "पंत, आपण वडिलांच्या जागी. वाद घालत नाही. हे आमच्या बहिरीच्या दारचं पान, आत्ता खुडलेलं. माझ्या लेकाच्या माथ्यावर ठेवा आणि तीच क्रिया पुन्हा बोला. मी या पावली पालखीत बसते."

पंतांनी हात पुढं केला. तो पुन्हा थरथरू लागला होता. पानापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि तेवढ्यात, लुकलुकणारं काहीही धरायची सवय असलेल्या त्या पोरानं त्यांच्या बोटातली पवित्रकाची अंगठी घट्ट पकडली. पंतांनी बोट सोडवून घेतलं नाही. उभ्या जागी खाली बसले.

"नातू आहे माझा," ते पुटपुटले. "सात वर्षांचा. तो देसायांच्या तंबूत आहे. मी कौल पटवून आलो तर सुटेल." मग म्हणाले, "पायथ्याच्या आमराईत दोनशे स्वार आहेत. पोरंबाळं हाती लागली, की तुम्ही दार उघडालच, असा बेत."

तलवारी सपकन बाहेर आल्या. रखमाजीराव मध्ये पडले. "म्यान करा! वकील आहे. या दारातून आला तसा जाईल."

"राव, एक भीक," पंत म्हणाले. "मी बोललो, हे खाली कळू देऊ नका. पोराला..."

शेवटी आवडाईच म्हणाली, "कळवा की, कौल आम्हाला मान्य होता, पण किल्लेदाराची बायको हट्टाला पेटली. पालखीत पाय ठेवत नाही."

"त्यात खोटं काहीच नाही," रखमाजीराव म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या मिशा हलल्या.

भर दुपारी महादरवाजाचा अडसर पंतांच्या पाठीमागे पडला. तो आवाज साऱ्या गडाला ऐकू गेला. भोयांनी रिकामी पालखी परत कोठीत ठेवली. तट तोच, टाकं तेच, ओंजळी दोनच.

सावलीला बसून झुलेखाबीनं आपल्या वाटणीची एक ओंजळ आवडाईच्या वाटीत ओतली. "तू पी. तुझ्यातून त्याला जाईल."

आवडाई प्यायली. मग हळूच म्हणाली, "झुलेखाबी, माझं बाळ खाली त्या तंबूत असतं, तर मी काय उचललं असतं गं?"

झुलेखाबीनं पोराच्या तळव्यांवरून बोट फिरवलं. "वायवर्णच, बाय. आणि माझं असतं, तर मीही तसंच काहीतरी केलं असतं. कुराण म्हणून दुसरंच काही रुमालात गुंडाळलं असतं. वर गेल्यावर तो दोघींना एकच सवाल करणार आहे. आपण उत्तरही एकच देऊ."

त्यानंतर सोळा दिवस गड लढला. सतराव्या दिवशी घाटावरची कुमक आली आणि देसायांचा वेढा उठला. तोवर एकतीस माणसं गेली. त्यांत तो म्हातारा मुजावर होता. आवडाईचं पोर जगलं, काडीसारखं, पण जगलं. बुंध्याला पावसाळ्यात नवे फुटवे आले. विसाजीपंतांचं आणि त्यांच्या नातवाचं पुढे काय झालं, ते उंबरकड्यावर कधीच कळलं नाही. आवडाईनं त्या मुलखातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं.

पुढे म्हातारी होईतो ती बहिरीला बेल वाही, तेव्हा पान आधी नखानं चुरून हुंगत असे. सुना म्हणत, ही सासूबाईंची पूजेची पद्धत. गुरवालाही तसंच वाटे. एकटी झुलेखाबी ते पाहून शेजारच्या चौथऱ्यावरून विचारी, "काय निघालं, बाय?"

"बेलच आहे," आवडाई म्हणे, आणि मगच हात जोडी.