अक्काची ड्युटी

टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे हॅलोबाईच म्हणत. सरकारी जीप दाराशी थांबली तेव्हा सून म्हणाली, "आई, घराघरात मोबाइल असताना यांचं तुमच्यावाचून काय अडलंय?"

अडलं होतं खरं. देशभरचे संगणक एकदम बंद पडले तर काय करायचं, याची लष्कराने रंगीत तालीम मांडली होती. बाईंनी जिथे नोकरी केली ते तळघरातलं, हातांनी चालवायचं जुनं टेलिफोन एक्सचेंज धूळ झटकून उघडलं होतं, आणि ते चालवणारं माणूस औषधालासुद्धा उरलं नव्हतं.

भर दुपारी बाई खाली उतरल्या. तळघराला ओल्या गाळाचा वास होता. तालमीचा प्रमुख कर्नल वळला, आणि बाईंनी त्याला ओळखलं.

कित्येक वर्षांपूर्वी, महापुराच्या दिवशी असेच संगणक बंद पडले होते. बाईंच्या आधीच्या पाळीची अक्का इथल्याच खुर्चीवर बसून खालच्या गावांना सावध करत होती. बाई तिला सोडवायला आल्या, तर या माणसाने, तेव्हाच्या पोरसवदा लेफ्टनंटने, पोलादी दार बाहेरून लावून टाकलं. पाणी चढतंय, हुकूम आहे, म्हणाला. एक्सचेंजचा रिवाज असा, की पुढच्या बाईचा हात खांद्यावर पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. अक्काने सोडली नाही.

"त्या खुर्चीवर नको, बाई," शिपाई हळूच म्हणाला. "कितीही पुसा, ओलीच होते... आमचा एक जण बसला, त्याला चौघांनी ओढून काढला."

"फेकून द्या म्हटलं होतं ना ती!" कर्नल खेकसला.

"हात तर लावून बघा!" बाईंचा राग भीतीला पुरून उरला. "तेव्हा दाराबाहेर अडवलंत. आज अक्काला सुट्टी दिल्याशिवाय मी हलायची नाही."

रिकाम्या खुर्चीवर, खांदा असतो तिथे, त्यांनी हात ठेवला. बोटांना ओलं कापड लागलं.

"अक्का, ऊठ गं. मी आले..."

खुर्ची करकरली. ओली पावलं जिन्याकडे निघून गेली. बाईंना रडू कोसळलं. तशाच त्या बसल्या, हेडफोन चढवला आणि कामाला लागल्या.

ऊन कलता कलता तालीम संपली.

"उठा आता," कर्नल म्हणाला.

"बदली माणूस आल्याशिवाय उठता येत नाही, साहेब."

"नाटकं पुरे!" त्याने खांद्याला धरून त्यांना ओढलं.

बाई अलगद उठल्या. "आता तुम्ही सांभाळा," म्हणाल्या आणि मागे न बघता जिना चढू लागल्या.

खाली घंटी वाजली. पुरात तुटलेल्या, पुन्हा कधीच न जोडलेल्या धरणाच्या लाइनची. शिपाई बाईंना ओलांडून वर पळाले.

"कोणी घ्या रे तो फोन!" खालून कर्नल ओरडला. मग खुर्ची करकरली. "अरे... मला उठवा कोणीतरी..."

बाई उन्हात पोचल्या, तोच मागे पोलादी दार धाडकन लागलं. शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. खुर्चीत अडकलेला कर्नल सोडला तर सगळेच्या सगळे बाहेर उभे होते, आणि कडी आतून सरकत होती.