रागाचा चेहरा

सोमवारी सकाळी चारोटी नाक्यावर मयुरा राऊत तलासरीच्या जीपची वाट पाहत उभी असताना तिच्या पायाशी आनंद येऊन पडला. पाठोपाठ दुःख आलं, मग भीती. पुठ्ठ्याचे, ताटाएवढे गोल चेहरे. त्यांच्यामागून फाटकी सॅक सावरत एक तरुण धावत आला.

"राग दिसला का कुठे?"

"ट्रकखाली गेला," मयुरा म्हणाली. "अहमदाबादच्या दिशेने."

"अरेरे... मग पोरांना तीनच भावना शिकवाव्या लागणार."

तो जतीन. पहिली-दुसरीच्या मुलांना मनात काय चाललंय ते ओळखायला आणि बोलून दाखवायला शिकवण्यासाठी एका संस्थेने त्याला नेमलं होतं. त्याची शाळा उधव्यापलीकडच्या पाड्यावरची, म्हणजे मयुराचीच निघाली. हेडसरांनी उरलेले चेहरे पाहून समाधान व्यक्त केलं. "रागाचं शाळेत कामच काय?"

मयुराची तलासरीत भाड्याची खोली होती. खोलीत एक ताट, एक वाटी. रविवारी डहाणूला चिकूच्या वाडीत घरी जायचं, तिथे आई स्थळांचे फोटो घेऊन तयार. तिच्याशी बोलणारे पुष्कळ होते. तिचं ऐकून घेणारा फक्त पहिलीचा वर्ग होता, आणि तो सहा वर्षांचा होता.

जतीनचा नियम साधा. सकाळी आल्यावर प्रत्येकाने भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्यावर तळहात ठेवायचा. बाईंनीही. मयुरा रोज आनंदावर ठेवायची.

"रोजच?" एकदा त्याने हळूच विचारलं.

"सरकारी नोकरी आहे. पर्मनंट आनंद."

"मी तपासणीला आलेलो नाही, बाई."

"तुम्ही मात्र रोज भीतीवर ठेवता. कशाची एवढी?"

"तुम्ही हे विचाराल—याची."

मयुराने खडू उचलला आणि फळ्यावर उगाच तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

"गोल करा" म्हटल्यावर मुलं मांडी घालून बसतात, अशी संस्थेच्या पुस्तिकेची समजूत होती. पाड्यावर गोल म्हणजे तारप्याच्या सुरावर फेर धरून नाच. मुलांनी एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफले, हाल्याने तोंडानेच तारपा वाजवला आणि फेर सुरू झाला. जतीनने पुस्तिका मिटली. बाई आणि सर दोघांनाही आत ओढलं गेलं, आणि दोघांच्या मध्ये शुक्री उभी राहिली. ही मुलगी शाळेत कधी एक शब्द बोलली नव्हती. पण दोघांना धरायची घट्ट. मनातलं काय ते फेर संपता संपता सांगायचं, असं ठरलं.

दिवाळी झाली. पाड्यावर ट्रक आले. माणसं वीटभट्ट्यांवर निघाली, पोरंही त्यांच्याबरोबर. हाल्या गेला. शुक्री गेली. वर्गात हजेरी घेतली की नावं भिंतीला लागून परत यायची.

आता फेराला पोरं पुरेनात. शुक्रीची जागा रिकामी, म्हणून जतीनचा हात मयुराच्या कमरेमागे आला आणि हवेतच थांबला.

"धरा ना सर नीट," जानी ओरडली. "फेर तुटतो!"

त्याने धरलं. मयुराला आनंद झाला, खराखुरा. लगेच लाजही वाटली. हा आनंद पोरांच्या रिकाम्या जागेतून आला होता.

जानेवारीत संस्थेने पट पाहिला आणि जतीनला हलवलं.

"कुठे?" तिने विचारलं.

"भिवंडीकडच्या भट्ट्यांवर. पोरं तिकडे, तर वर्गही तिकडे."

योग्य तेच करणाऱ्या माणसावर रागावणं फार अवघड असतं. शिवाय तो चेहरा भिंतीवर नव्हताच.

शेवटच्या सकाळी मयुराने दुःखावर हात ठेवला.

"बाई, तुमचा कोण गेला?" जानीने विचारलं.

"अजून... गेला नाही."

"मग सांगा ना त्याला!"

सगळी पोरं वाट पाहत राहिली. मनातलं बोलायला दोघांनीच शिकवलं होतं, सुटका नव्हती.

"मला," मयुरा म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मला इथे फार एकटं वाटेल."

जतीनने भीतीवरचा हात काढला. "जाऊ नका म्हणालात तर... थांबेन मी."

"ते नाही म्हणणार. शुक्री तिकडे आहे."

"मग होळीला येतो. भट्टीवरचे सगळे येतात."

तो गेला. फेर रोज धरला जायचा. बाईंचा उजवा हात मोकळा. फोन यायचा तेव्हा मागे विटांचा खडखडाट असायचा आणि दोघंही पोरांबद्दलच बोलायची. मग फोनही बंद झाला, महिनाभर आलाच नाही. खोलीवर मयुरा ते एक ताट गरजेपेक्षा जास्त वेळ घासू लागली. आईला म्हणाली, फोटो ठेव, होळीनंतर बघू.

होळीच्या आदल्या दिवशी शाळेसमोर ट्रक थांबला. आधी शुक्री उतरली. तिच्यामागे विटांच्या धुळीने लालभडक झालेला जतीन, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"फोन चिखलात पडला," तो घाईघाईने म्हणाला. "आणि नंबर त्याच्यातच..."

त्याने फडकं सोडलं. आत भट्टीत भाजलेला मातीचा गोल चेहरा होता. भुवया जुळलेल्या, ओठ घट्ट.

"कोण हे?"

"बाई," शुक्री म्हणाली. शाळेतला तिचा पहिला शब्द. "बाई रागावल्या असतील. आम्ही सगळी गेलो ना."

जतीनने तो चेहरा पुढे धरला. मयुराने त्यावर तळहात ठेवला—चांगला दाबून, महिन्याभराच्या रागासकट. चेहरा उन्हाने अजून गरम होता. थोड्या वेळाने जतीनचा धुळीचा हात तिच्या हातावर आला.

तिने तो काढायला सांगितलं नाही.