तीन शिट्ट्या

सावेडीतल्या आमच्या संशोधन केंद्रात कान तपासायची खोली जिन्याखाली आहे. भिंतींना जाड फोम आणि दुहेरी काच. दार लावलं की रस्त्यावरच्या रिक्षा एकदम गप्प होतात. माणसाला आत बसवून हेडफोन लावतो आणि काचेच्या अलीकडून मी यंत्रातून बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. मध्येच मी मुद्दाम अर्धा मिनिट काहीच वाजवत नाही. त्या रिकाम्या वेळात तीनदा बोट वर गेलं, तर माणूस अंदाजाने उत्तरं देतोय असं धरतात. फॉर्मवर 'अविश्वसनीय' असा शिक्का बसतो. तो माणूस अभ्यासातून बाद होतो, आणि त्याला कानाचं मशीनही मिळत नाही. नियम आमच्या प्रमुख सत्यशीला मॅडमचा, आणि मला तो योग्यच वाटायचा.

फेब्रुवारीत पारनेर तालुक्यातल्या एका खडी क्रशरवरचे बारा कामगार जीपने आले. पंधरा-वीस वर्षं दगडाच्या आवाजात काढलेले, शेजाऱ्याशीही ओरडून बोलणारे. मशीन लावल्याशिवाय कामावर येऊ नका, असं मालकाने बजावलं होतं.

पहिला बन्सी. रिकाम्या वेळात त्याचं बोट वर गेलं. चार सेकंदांनी पुन्हा. आणखी चार सेकंदांनी पुन्हा. मग त्याने मान खाली घालून हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. तिथून अकराव्या सेकंदाला त्याचे खांदे दचकले.

मी शिक्का मारला.

दुसऱ्याचंही तेच झालं, आणि तिसऱ्याचंही. मी रिकामा वेळ दर वेळी वेगळ्या जागी ठेवला, स्टॉपवॉच लावलं, हेडफोन बदलले. आठव्यापासून तर रिकाम्या वेळात हेडफोनची वायरच काढून ठेवली. चार, चार, अकरा.

"जीपमध्ये ठरवून आलेत," मॅडम म्हणाल्या.

"पण ज्याला मशीन हवंय, तो ऐकू येत असल्याचं सोंग कशाला करेल?"

"एंजेला, शिक्के मारा."

आमचा तंत्रज्ञ नोहा याने बन्सीला शिक्का वाचून दाखवला.

"म्हंजी आमी लबाड?" बन्सी मोठ्याने हसला. "मालक बी हेच म्हनतो. तुमची पेटी त्याच्याच घरची दिसती!"

मी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "आत काय ऐकू आलं?"

"शिट्टी. सुरुंगाच्या आदी तीन मारत्यात. राम मारायचा."

"आता कोण मारतं?"

"नवा गडी हाय. त्याची न्हाई येत. रामचीच येती."

"राम कुठे असतो?"

बन्सीचं हसू गेलं. "सुरुंगापासनं मला वडाया आल्ता. मी निघालो. तो न्हाई."

बाराव्या होत्या बनुबाई, रामची आई. दार लावण्याआधी त्यांनी माझा हात धरला. "पोरी, माझं तेवढं बघ. काम गेलं तर घरात एकली बसून काय करू?"

त्यांचंही बोट तीनदा वर गेलं. मी फॉर्मवर त्याची खूण केली नाही.

आठवड्याने त्यांना मशीन मिळालं. मीच बसवलं.

"लई आवाज हाय गं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ मान तिरकी करून काहीतरी शोधत राहिल्या. "पन ते गेलं."

"काय गेलं?"

त्यांनी पदर खोचला आणि उठल्या.

पुढे माणसं मिळेनात म्हणून मालकाने शिक्केवाल्या अकराजणांनाही कामावर घेतलं. मला ते उशिरा कळलं.

एप्रिलमध्ये बन्सी एकटाच आला. हातात प्लास्टिकची पिशवी.

"शिट्टीवाला आलाच न्हवता. मालक म्हनला, उडवा तसंच."

"मग तुम्ही?"

"आमी अकराजन बाजूला झालो. रामची शिट्टी आली की आमाला."

"आणि बनुबाई?"

त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "मशीन लावल्यालं हुतं ना त्यांनी."

पिशवीत मशीन होतं. बॅटरी अजून चालू होती.

मॅडम म्हणाल्या, साफ करून दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यांच्या शोधनिबंधात त्या क्रशरवरचा एकच फॉर्म विश्वसनीय म्हणून आहे. त्याखाली माझी सही आहे.

यंत्र नीट चालतं का हे पाहायला दर सोमवारी आम्ही एकमेकांचे कान तपासतो. बन्सी येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी मी आत बसले. नोहाने दार लावलं. रिक्षा गप्प झाल्या. जिभेवर दगडाच्या भुकटीची चव आली.

काचेपलीकडे नोहा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माइक चालू केला.

"एंजेला, मी अजून सुरूच केलं नाही."

माझं बोट वर होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी बोट खाली घेतलं. चार मोजले.

ते पुन्हा वर गेलं.

नोहाने पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या वेळी मी मान खाली घातली आणि अकरा मोजायला लागले.