बाकावरचा काटा

"उभी गाडी किलोमीटर कशी मारेल, साहेब?" मारोतीनं हसून विचारलं.

श्यामसुंदर घणसोलीचे निवृत्त कारकून, नाकासमोर चालणारे. त्यांची जुनी जीप आठवडाभर सोसायटीत झाकून उभी होती, आणि मीटर चारशे किलोमीटर पुढे गेलं होतं. कुणी चोरून फिरवली म्हणावं, तर डिझेल जसंच्या तसं.

मारोतीचं तळवलीतलं गॅरेज म्हणजे जुगाडाचं माहेरघर. या जीपला मीटरची केबल दोन महिन्यांपूर्वी त्यानंच घातली होती. ट्रकची लांब केबल मधोमध कापली, टोकं हातोडीनं ठोकून चौकोनी केली; अर्धी जीपला, उरलेली लेकीच्या, दीक्षाच्या, जुन्या स्कूटरला. काही वाया घालवायचं नाही, हा त्याचा खाक्या.

त्यानं केबल गिअरबॉक्सपासून सोडवली. मीटर केबलसकट उचकटून बाकावर ठेवलं, गिअरबॉक्स तपासला. दोष सापडेना.

साडेपाचला बाकावरच्या मीटरचा काटा हलला. वीस. पस्तीस. चाळीस.

मारोतीनं मीटर उलटं केलं, खाली चुंबक बिंबक आहे का बघितलं. काही नव्हतं. काटा मध्येच शून्यावर यायचा, सिग्नलला थांबल्यासारखा, आणि पुन्हा चढायचा. पावणेसातला काटा शून्यावर टेकला आणि दारात दीक्षाची स्कूटर थांबली. ती द्रोणागिरीच्या गोदामात कामाला होती, साडेपाचला सुटायची.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"आज वाटेत दहा मिनिटं कुठं थांबलीस?" त्यानं विचारलं.

"चहाला." दीक्षा चमकली. "पप्पा, तुमाला कसं कळलं?"

त्यानं विषय बदलला. खरं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. त्या रस्त्यावर कंटेनर अंगावर येतात. लेक घरी येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. आता काटा बघितला की ती धड येतेय हे कळायचं, आणि काटा शून्यावर टेकला की तो मोकळा श्वास घ्यायचा. पार्ट मिळत नाही, अशी थाप त्यानं श्यामसुंदरांना चक्क दोनदा मारली.

शुक्रवारी सव्वासहालाच स्कूटर दारात थांबली.

"लवकर आलीस?"

"रस्ता मोकळा होता." हेल्मेट खिळ्याला अडकवून दीक्षा गॅरेजमागच्या घरात गेली.

मारोतीनं बाकाकडे बघितलं. काटा चाळीसवर होता.

त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा तसाच.

तो बाहेर गेला, स्कूटरच्या सायलेन्सरवर हात ठेवला. थंडगार.

त्यानं दीक्षाला फोन लावला. रिंग जात राहिली. घरात कुठंच फोन वाजत नव्हता.

"पप्पा, आत या ना," आतून हाक आली. "चहा टाकलाय."

आवाज तिचाच होता.

काटा तीसवर आला. मग पंचवीस.

काटा खाली येऊ नये, असं मारोतीला पहिल्यांदाच वाटत होतं. दोन्ही हातांनी मीटर उचलून त्यानं छातीशी धरलं.

"चालत राहा, पोरी," तो पुटपुटत होता. "थांबू नको."

आत कुणीतरी दोन कपांत चहा ओतत होतं.