मंदाआजीचा घराचा पडदा

माझी आजी पडदे रंगवायची. खिडक्यांचे नव्हे, नाटकाचे. पाम गावातल्या आमच्या नाट्यमंडळाकडे मुंबईहून येणारा पेंटर एका वर्षी आलाच नाही. तेव्हा आजी चुना मारायचा कुंचला घेऊन तालमीच्या खोलीत शिरली, ती चाळीस वर्षं तिथून हलली नाही. तिच्या जंगलाच्या पडद्यावर नारळी, केळी आणि पानवेली होत्या. त्यामुळे आमच्याकडे रामाने वनवास पामच्या वाडीत काढला. राजवाड्याच्या खिडकीतून सातपाटीच्या होड्या दिसायच्या. कुणी हसलं तर आजी म्हणायची, "राजाला बांगडा आवडत नसंल काय?"

मी चारुता. बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवते. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी आमचा रंग जुळतो का, हे यंत्रावर तपासायचं, एवढंच काम. आजी चिडवायची, "लाल हाय का नाय, ते यंत्राला विचारते ही." पण रंगाचं वेड मला तिच्याकडूनच आलं. ती गेली तेव्हा मी ढसाढसा रडले, आणि जरा थांबले तेव्हा कळलं की सुगंधाकाकू माझ्याहून जास्त रडतेय.

सुगंधाकाकू आजीची लहानपणची मैत्रीण. सगळं गाव तिला काकू म्हणतं, म्हणून मीही. आजीचे कुंचले ती धुवायची आणि चित्रांना नावंही तीच ठेवायची. आजीनंतर कारखान्याच्या बसमधून उतरले की मी आधी तिच्या ओटीवर जायचे. आजी तरुणपणी कशी दिसायची, कशी थापा मारायची, हे सांगणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं आणि मला ते जपायचं होतं. काकूचं मात्र वेगळंच. "मंदा मला न सांगता गेली," ती कुरकुरायची. "आता बोलवंल तवा जाईन."

यंदा मंडळाने आजीच्या आठवणीत एक विनोदी नाटक बसवलं. माझा चुलतभाऊ शैलेश मंडळाचा सेक्रेटरी. त्याने आजीने केलेला शेवटचा पडदा बाहेर काढला, घराचा. घर आमचंच होतं: लाल पायरी, ओटी, झोपाळा, अर्धं उघडं दार आणि आत अंधार.

पडदा उलगडला तर पायरीवर काळ्या पंपशूजचा एक जोड रंगवलेला.

"हे तर आजोबांचे," शैलेश म्हणाला.

आमचे नरहरीआजोबा ते बूट फक्त नाटकाला घालायचे. पण हा पडदा रंगवताना आजीला रंग कालवून मीच दिले होते आणि पायरी रिकामी होती, हे मला पक्कं आठवत होतं. म्हटलं, मागाहून काढले असतील. मी बोट लावलं. बोट काळं झालं.

आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेलरंग सुकायला इतके दिवस लागत नाहीत. मी थोडा रंग खरवडून कारखान्यात नेला. यंत्राने सांगितलं, साधा काळा. तो ओला का, हे यंत्राला विचारायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात बुटांशेजारी टायरच्या चपला आल्या. त्या झिपरूच्या. मंडळाच्या पडद्यांच्या दोऱ्या तो ओढायचा. आजोबांसारखा तोही आजीच्या आधीच गेला बिचारा. तालमीच्या खोलीची किल्ली एकट्या शैलेशकडे, आणि शैलेशने आंबा काढला तर त्याचं वांगं होतं. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे त्याचं कौतुक केल्यासारखं झालं असतं.

मग पायरीवर जोड वाढत गेले आणि गावाला कळलं. कुणी घाबरलं नाही, याचंच मला नवल वाटतं. लोक आपापलं माणूस शोधायला येऊ लागले. जवळच्या दांडीहून येसूबाई आली, वाकून वाकून तिने पायरी न्याहाळली आणि अंगठा तुटलेल्या एका जोडावर बोट ठेवलं. "ह्या आमच्या ह्यांच्या. मेल्यावर तरी नव्या घ्यायच्या," म्हणाली आणि डोळे पुसत हसत सुटली. शैलेशने येणाऱ्यांसाठी चहाची किटली ठेवली. आमच्याकडे दारातल्या चपलांवरून कळतं, आत कोण बसलंय ते. आजीकडे बैठक चांगलीच रंगली होती.

काकू रोज विचारायची, "माझ्या नाय आल्या?"

"नाही."

"बघ. फुकट नाटकं बघणारे सगळे बोलावले. कुंचले धुणारी राहिली."

मी हसायचे. पण बसमधून उतरल्यावर आता मी काकूच्या ओटीआधी तालमीच्या खोलीत जायचे. पायरीवर तिच्या चपला नाहीत हे बघायचे, मगच जिवात जीव यायचा. मला भीती वाटत होती. आजी मला कितीही प्रिय असली, तरी काकू मी तिला द्यायला तयार नव्हते.

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. पहिल्या अंकात लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. काकू पुढच्या रांगेत होती. नटांच्या आधी तीच वाक्य म्हणून टाकायची. सुनेच्या भूमिकेतली मेघाली त्यामुळे दोनदा चुकली आणि त्यावरही टाळ्या पडल्या. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

मध्यंतरात दर्शनी पडदा पडला. घराच्या पडद्याचा एक काठ सुटला होता, तो शिवायला मी रंगमंचावर गेले.

पायरीवर नवा जोड होता.

निळे पट्टे. डाव्या चपलेला सेफ्टी पिन. तशी पिन काकूच्या चपलेला मीच लावून दिली होती.

मी दर्शनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. पुढच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर तिची पानाची डबी होती. आजूबाजूचे लोक वडे खात होते.

"शैलेश, काकू कुठंय?"

"आता तर इथं होती."

टर्पेंटाइनचा फडका विंगेत होताच. रंग ओला होता. मी चपला पुसल्या. पट्टे पुसले, पिन पुसली, खालची लाल पायरी थोडी फिकट होईस्तोवर पुसत राहिले.

मग त्या अर्ध्या उघड्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "काकू!"

मी दाराच्या आणखी जवळ गेले.

"काकू, ये ना गं!"

"आले, आले. काय झालं वरडायला?"

ती माझ्या मागे उभी होती. मी तिला घट्ट मिठी मारली. बाहेर घंटा झाली, मेघाली पदर सावरत येऊन उभी राहिली, आणि मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या तोंडाला गवती चहाचा वास येत होता. मंडळाच्या किटलीतल्या चहात नुसतं आलं घातलेलं होतं.

"कुठे गेली होतीस?"

"बसले होते. चांगला गरम चहा हातात आला, तेवढ्यात तू हाक मारलीस."

मी खाली पाहिलं. ती अनवाणी होती.

"निघताना दारात बघितल्या, तर चपलाच नाय," ती खुशीत म्हणाली. "मंदा म्हणाली, आज अशीच जा. उद्या ये, तवर शोधून ठेवते."