सकाळी सहाची गोळी

वैद्यबुवा आले ते काचेची बरणी छातीशी धरूनच. "बसा" म्हणायचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

"माझ्या या चूर्णानं एक बाई मरणाच्या दारात गेली, असं सगळं रुग्णालय म्हणतंय. संध्याकाळी पाचला माझी सात नंबरची खोली कायमची बंद होणार आहे. वहिनी, आता तुम्हीच काय ते बघा."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्याआधी पंधरा वर्षं त्या परिचारिका होत्या. सोबत त्यांचे दीर असत, भूमितीचे निवृत्त मास्तर. ते त्यांना वहिनी म्हणत, म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. भाऊजींना प्रत्येक प्रकरणात गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत सापडे, आणि दर वेळी तो भलताच कुणीतरी असे.

"बाई कोण?" वहिनींनी विचारलं.

"घड्याळजींची बायको. आठ वर्षं थायरॉइडची गोळी घेते, तब्येत ठणठणीत होती. दोन महिन्यांपूर्वी गुडघे धरले म्हणून डॉक्टरीणबाईंनीच तिला माझ्याकडे पाठवलं. मी चूर्ण दिलं. आता तोंड सुजलंय, नाडी मंद आहे, दिवसभर ग्लानीत असते. तीन दिवसांपूर्वी तिला दाखल केलं. थायरॉइडचा आकडा इतका चढलाय, की गोळी जणू पोटात गेलीच नाही!"

"चूर्ण कधी घ्यायचं होतं?"

"रात्री झोपताना, कोमट दुधातून."

"आणि गोळी?"

"ती डॉक्टरांची. त्यात मी कशाला नाक खुपसू?"

वहिनींनी तेवढं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

डॉक्टरीणबाई रुग्णालयाच्या मालकीण होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"वैद्यबुवांना मीच इथं आणलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखालच्या सगळ्यांनी नाकं मुरडली. तरी मी ऐकलं नाही, कारण माझ्या औषधांनी न हटलेली दुखणी त्यांच्याकडे हटताना मी पाहिलीत. पण आता एक बाई माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे."

"चूर्ण तपासलंत?"

"दोनदा. धातू नाही, भेसळ नाही. पण दुसरं काय बदललं तिच्या आयुष्यात? आणि खरं कारण कळेपर्यंत मी आणखी रुग्णांचा जीव धोक्यात घालू का?"

"गोळीबद्दल तुम्ही काय सांगितलं होतं?"

"सकाळी उठल्यावर, उपाशी पोटी. आठ वर्षांपूर्वीच सांगितलंय. तिला तोंडपाठ आहे."

"तिला," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "औषधांचा दुकानदार! नकली गोळ्या विकत असणार. लिहून घ्या."

दुकानदाराने कबूलही केलं, की गोळ्यांची कंपनी दोन महिन्यांपूर्वीच बदलली होती. भाऊजींनी विजयी मुद्रेने वहिनींकडे पाहिलं.

"याच गोळ्या आणखी कोण घेतं?" वहिनींनी विचारलं.

"बावीस जण. त्यात आमची मंडळीही आली. परवाच तपासणी झाली तिची, आकडा अगदी जागेवर. आवाजसुद्धा!"

भाऊजींची मुद्रा उतरली.

घड्याळजींच्या घरी सुनेनं दार उघडलं. घरात भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही एकच वेळ दाखवत होती.

"सासूबाईंना औषध कोण देतं?"

"पूर्वी त्या स्वतःच घ्यायच्या. गुडघे धरल्यापासून मामंजी देतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत." सून थोडी फणकाऱ्यानेच बोलली. "आणि घरात काय चाललंय ते देवालाच ठाऊक. रात्री एक पेला दूध सासूबाईंना जातं, त्याचा हिशेब मी धरते. तरी सकाळी चहापुरतं उरत नाही. दोन महिने आम्ही कोरा चहा पितोय. तीन दिवस झाले, आता उरतंय."

"मांजर," भाऊजी ठामपणे म्हणाले.

घड्याळजी आतल्या खोलीत बायकोच्या रिकाम्या खाटेशी बसले होते. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. एकही गोळी चुकलेली नव्हती. उशाशी ताटली तशीच होती. तिच्यात पेल्याच्या दोन गोल खुणा होत्या, दोन्ही पांढरट.

"सहाचा ठोका आणि गोळी, साडेनऊचा ठोका आणि चूर्ण," ते म्हणाले. "वैद्यबुवांनी मला फार छान समजावलं हो. औषध एकटं जात नाही. त्याला अनुपान लागतं. दूध, मध, तूप, जे ज्याला मानवेल ते. अनुपान औषधाला बोट धरून जागेवर नेतं. एवढी वर्षं डॉक्टरांनी असं काही सांगितलंच नाही बघा."

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. "काका, साडेचार वाजलेत. रुग्णालयात माझ्याबरोबर याल?"

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत वैद्यबुवा मान खाली घालून उभे होते.

"चूर्ण निर्दोष, गोळ्या निर्दोष, पाकिटं रिकामी," वहिनींनी सुरुवात केली. "म्हणजे गोळी पोटात जात होती, पण अंगी लागत नव्हती. मग वाटेत तिला अडवलं कुणी? चूर्ण रात्रीचं, त्याला रात्रीचा एक पेला पुरे. तरी सकाळचं दूध नाहीसं होत होतं, आणि बाई दाखल झाल्या त्या दिवसापासून ते उरायला लागलं. ताटलीतल्या दोन्ही खुणा दुधाच्या होत्या. काका, सहाची गोळी कशातून देत होता?"

"दुधातून," घड्याळजी म्हणाले. "चांगला पेलाभर, कुस्करून. बिचाऱ्या गोळीला अनुपानच नव्हतं."

"अहो, उपाशी पोटी सांगितलं होतं ना!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्या.

"दूध म्हणजे काय जेवण आहे?"

डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकल्या. "दुधातलं कॅल्शियम ती गोळी पोटातच धरून ठेवतं. अंगात भिनूच देत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

घड्याळजी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "म्हणजे मीच तिला..."

"नाही काका," वहिनींनी त्यांचे हात धरले. "तुम्ही जे ऐकलं ते मनापासून पाळलं. चूक असलीच तर या दोघांची. एकानं अर्धं सांगितलं, दुसऱ्यानं अर्धं. वैद्यबुवा म्हणाले, डॉक्टरांच्या गोळीत नाक कशाला खुपसू. डॉक्टरीणबाईंनी आठ वर्षांपूर्वी सांगितलं, तेही फक्त तिला. औषध देणारा हात बदलला का, हे विचारलंच नाही कुणी."

"बाई बरी होईल?" भाऊजींनी विचारलं. आज पहिल्यांदाच त्यांनी कामाचा प्रश्न विचारला होता.

"नक्की होईल. तीन दिवस परिचारिका पाण्यातूनच गोळी देताहेत. महिना-दीड महिन्यात आकडा उतरेल. आणि कारण कळलं नसतं तर मी डोस वाढवला असता, तो दूध सुटल्यावर भलताच महागात पडला असता." डॉक्टरीणबाईंनी वैद्यबुवांकडे पाहिलं. "मी तुमच्यावर आळ घेतला. चुकले मी."

"मी एक प्रश्न विचारला असता तर ही वेळच आली नसती," वैद्यबुवा म्हणाले.

घड्याळजींनी डोळे पुसले. "डॉक्टर, उद्याची गोळी... मी दिली तर चालेल?"

"तुम्हीच द्यायची. सहाच्या ठोक्याला, साध्या पाण्यातून."

बाहेर पाच वाजले. डॉक्टरीणबाई उठल्या. "वैद्यबुवा, सात नंबरची खोली मात्र आज बंद होणार म्हणजे होणार."

"अहो, पण आता का?" भाऊजी उसळले. "हा तर शुद्ध अन्याय आहे!"

"मास्तर, पुढचं ऐका तरी! उद्यापासून यांचं टेबल इथं, माझ्या टेबलाला लागून. पेशंटनं एकदाच सांगायचं, आणि दोघांनी ऐकायचं."

सात नंबरचं टेबल सागवानी आणि जड होतं. वैद्यबुवांनी एक बाजू उचलली, आणि दुसरी डॉक्टरीणबाईंनी.